रक्त दिसलं नाही

आक-जार गावात एशेनकुलला ओळखत नाही असं माणूस सोडा, कुत्रंसुद्धा नव्हतं. पोस्टातला टेलिफोन तो सांभाळायचा आणि गावात तेव्हा फोन तो एकच. जिल्ह्याच्या नरीनहून येवो, राजधानी बिश्केकहून येवो, बातमी आधी एशेनकुलच्या कानात पडायची. ती चांगली असली की हा गडी रिसीव्हर आपटून, टोपी सावरत, चिखल-बर्फ काही न बघता धावत सुटायचा. "सुयुनचू! सुयुनचू!" अशी आरोळी रस्त्यात उठली की बायका हातांचं पीठ झटकत दारात यायच्या. काय झालं ते तो लगेच सांगत नसे. आधी हात पुढे. आनंदाची बातमी आणणाऱ्याला जे द्यायचं तो सुयुनचू, आणि तो मिळाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. कुणी रुमाल द्यायचं, कुणी बोर्सोकच्या तळलेल्या पुऱ्यांनी भरलेली पिशवी, तर पलटणीतून पोरगा सुखरूप परत येतोय हे ऐकून एका बाईने भर रस्त्यात कोकरूच त्याच्या गळ्यात टाकलं होतं.

एकदा मात्र त्याची फजिती झाली. गावातल्या वडीलधाऱ्या तोलोगोन आबाला नातू झाला म्हणून हा ओरडत गेला. आबाने खूश होऊन डोक्यावरची नवी कोरी पांढरी टोपी काढून याच्या डोक्यावर ठेवली. मागाहून कळलं की नातू नाही, नात झालीय. पोरं एशेनकुलच्या मागे लागली, "टोपी परत दे, टोपी परत दे!" त्याने बिचाऱ्याने खरंच टोपी काढली. तेव्हा आबा गरजला, "ठेव डोक्यावर! सुयुनचू परत मागत नाहीत आणि परत देतही नाहीत. दिला तो दिला. आणि नात काय वाईट आहे रे?" गाव हसलं आणि टोपी राहिली.

वाईट बातमीला एशेनकुल कधी हात लावत नसे. कुणी गेलं असा फोन आला की तो गुपचूप तोलोगोन आबाच्या घरी जायचा, कानात सांगायचा आणि मागच्या वाटेने निघून जायचा. पुढचं काम म्हाताऱ्यांचं. ते चारचौघं मिळून त्या घरी जात, आडून आडून बोलत. कुणीच कायमचं राहत नाही, बहर गळतो, झरा आटतो, असं काहीबाही सांगत राहत, आणि ऐकणाऱ्याला ते संपायच्या आधीच सगळं कळून चुकायचं. एशेनकुलला यातलं काही जमत नव्हतं. जमावं असं त्याला वाटलंही नव्हतं.

त्याचं दुःख वेगळं होतं. गावातल्या प्रत्येक बाळाच्या जन्माची आरोळी त्याने ठोकली, पण स्वतःच्या घरी पाळणा हलला नाही. त्याची बायको कालिपा तोंडाची फटकळ होती. तो कोकरू घेऊन घरी आला की म्हणायची, "आलास दुसऱ्यांच्या आनंदावर चरून?" म्हणायची हसत, पण म्हणून झाल्यावर चुलीकडे तोंड फिरवायची. पुढे मोबाइल आले, पोस्टातला फोन काढून नेला, आणि ज्याची बातमी त्याच्याच खिशात वाजायला लागली. एशेनकुलला कुणी विचारेना. तो गाय सांभाळी, गवत कापी आणि सांजच्याला उगाच पोस्टाच्या पायरीवर जाऊन बसे.

त्या हिवाळ्याच्या तोंडाला कालिपा फिकी पडत चालली. जिना चढल्यासारखी धाप सपाटीवर लागायची. तिला शौचाला डांबरासारखी काळी व्हायची, पण हे बोलणार कुणाशी? लाजेने तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. एक दिवस गाईची धार काढता काढता ती बादलीसकट आडवी झाली. दूध सगळं शेणात गेलं आणि शुद्धीवर आल्यावर बाईने पहिली शिवी दिली ती त्याबद्दल.

नरीनच्या दवाखान्यात तिला रक्ताच्या पिशव्या चढवल्या. तोंडातून दुर्बीण घातली, खालूनही घातली. पोटात कुठेतरी रक्त गळतंय एवढं नक्की, पण कुठे ते सापडेना. दोन्ही बाजूंनी दुर्बीण जिथे पोचत नाही अशा मधल्या आतड्यात काहीतरी होतं. तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि तिला डोलोनचा घाट ओलांडून बिश्केकला पाठवलं.

बिश्केकच्या मोठ्या इस्पितळात मेदेर नावाचा डॉक्टर होता. पोरसवदा चेहऱ्याचा, पण डोळे कायम जागरणाने लाल. त्याने एशेनकुलला समोर बसवून, थोरल्या भावाला हाक मारावी तसं सांगितलं, "बाइके, जांघेतल्या धमनीतून मी एक बारीक नळी आत घालणार. ती पोटाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत न्यायची आणि तिच्यातून औषधी रंग सोडायचा. रंग कुठे कुठे जातो ते पडद्यावर दिसतं. जिथे वाहिनीला भोक असेल तिथून तो बाहेर सांडेल. सांडला की जागा सापडली. मग त्याच नळीतून केसासारख्या तारेची गुंडाळी सोडायची, की भोक बंद. पोट फाडायला नको."

"पोट फाडायला नको," एशेनकुलने बायकोला सांगितलं.

"तुझं डोकं फाडून बघा म्हणावं, आत काही आहे का," कालिपा म्हणाली. पण नर्स तिला ढकलगाडीवरून न्यायला आली तेव्हा तिने नवऱ्याची बाही घट्ट धरून ठेवली होती आणि नर्सला ती सोडवावी लागली.

एशेनकुल बंद दाराबाहेर बसला. आयुष्यभर त्याने लोकांना अशा दाराबाहेर बसलेलं पाहिलं होतं आणि त्यांच्याकडे धावत गेला होता. आज त्याच्याकडे कोण धावत येणार होतं? शेवटी दार उघडलं, एक नर्स बाहेर आली आणि जाता जाता म्हणाली, "काही नाही दिसलं, बाइके. रक्त कुठेच सांडताना दिसलं नाही."

झालं! रक्त नाही! पुढे काही विचारायला हा थांबलाच नाही. खिडकीपाशी पळत गेला, फोन काढला आणि सासूला लावला. कालिपाची आई सायनेप नदीपलीकडच्या वस्तीत एकटी राहायची, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. तिने फोन उचलताच तो ओरडला, "सुयुनचू, आपा! सुयुनचू!" सगळा कॉरिडॉर वळून बघायला लागला. जन्मात पहिल्यांदा ही आरोळी तो स्वतःच्या घरासाठी ठोकत होता.

"काय मागतोस ते दिलं," म्हातारी रडत म्हणाली. "माझ्या म्हाताऱ्याचा पट्टा तुझा. आधी सांग, माझी पोर कशी आहे?"

"रक्त थांबलं, आपा! कुठेच नाही!"

तो चांदीच्या बकलाचा पट्टा सासऱ्याच्या माघारी म्हातारीने कुणाला हात लावू दिला नव्हता. एशेनकुलने मग गावात तोलोगोन आबालाही फोन केला. त्याचा दुसरा फोन संपायच्या आत तिकडे मेंढी कुठली कापायची यावर वाद सुरू झाला होता.

मेदेर बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर अजून क्ष-किरण अडवणारा शिशाचा जड अंगरखा होता. एशेनकुल त्याला मिठी मारायला धावला. मेदेरने त्याला खांद्याला धरून बाकावर बसवलं.

"बाइके, आनंद कसला करताय? आम्हाला ते सापडलं नाही."

"नाहीच तर सापडणार कसं?"

"आहे. नक्की आहे. पण आज ते गळत नव्हतं. पाटाला भोक आहे की नाही ते पाणी चालू असतानाच कळतं ना? आज त्या वाहिनीतून गळती थांबली होती, म्हणून रंग सांडला नाही. ती पुन्हा गळणार. आज, उद्या, आठवड्याने, मला माहीत नाही. ज्या घटकेला रक्त दिसेल त्या घटकेला मी तिला टेबलावर घेईन. तेव्हा मला भोक दिसेल आणि तेव्हाच ते बुजवता येईल. तोवर तिला इथून हलवायचं नाही."

"म्हणजे..." एशेनकुल म्हणाला. "बायकोला रक्त येण्याची वाट बघत बसायचं?"

"हो," मेदेर म्हणाला. "तेच करायचं."

हे काम एशेनकुलसारख्या माणसाला देवाने सांगायला नको होतं. तो कालिपाच्या खाटेजवळ बसून राहिला. नर्सने भांडं उचललं की हा उठून आत डोकावायचा. भांड्यात काही नसलं की त्याला आनंद व्हायचा आणि लगेच भीती वाटायची. आपण नक्की काय मागतोय तेच त्याला कळेना. कालिपाला मेदेरने सगळं सरळ सांगितलं होतं, कारण तिने सरळ विचारलं होतं. ती नवऱ्याकडे बघून म्हणायची, "असा काय बघतोस? गाय व्यायला बसलीय का?"

आणि फोन थांबत नव्हते. तिच्या मैत्रिणी, शेजारणी, कोण कुठल्या पुतण्याच्या सुना, सगळ्या अभिनंदन करत होत्या. म्हातारी सायनेप रोज विचारायची, "कधी येताय? मेंढी बांधून ठेवलीय. मी पट्ट्याला तेल लावलंय."

"सांग ना तिला खरं," कालिपा म्हणाली.

"सांगतो."

"कधी? मी मेल्यावर, चाळिसाव्या दिवसाला?"

त्याने खरंच फोन हातात घेतला. सासूला नाही, तोलोगोन आबाला लावला. वाटलं, नेहमीसारखं आबाच्या कानात घालावं, पुढचं आबा बघेल. "आबा, एक सांगायचं होतं..." त्याने सुरुवात केली. पलीकडून आबाचा दणदणीत आवाज आला, "अरे, सांगायचं काय, या आता! तुझी सासू सगळ्यांना सांगत सुटलीय. म्हातारी कित्येक वर्षांत हसली नव्हती. तिला तसं बघून मलाच रडू आलं, बघ." एशेनकुलने "बरं आबा" म्हणून फोन ठेवला. वाईट बातमी तोंडातून कशी काढतात ते त्याला शिकवलंच नव्हतं कुणी, आणि ज्या बातमीचा सुयुनचू ठरला ती खोटी होती असं म्हणायची रीत तर आमच्याकडे नव्हतीच.

कालिपा सगळं ऐकत होती. छताकडे बघत ती म्हणाली, "चल, जाऊ या. मेजवानी होऊ दे. आईला एकदा हसताना बघते. लगेच परत येऊ."

"डॉक्टर?"

"डॉक्टरला आई नाही का?"

मेदेर भडकला. "घाट उतरून तुमच्या गावात माझं टेबल येणार आहे का? तिथे रक्त सुरू झालं तर करणार काय तुम्ही?" एशेनकुल मान खाली घालून उभा राहिला. "दोन दिवस, डॉक्टर. पाव्हणे जेवले की निघालोच." मेदेर अजून काही बोलणार होता. मग त्याने हात झटकला आणि निघून गेला. त्याच्या जागी मी असतो तर मी दाराला कडी लावली असती, पण इस्पितळाला कड्या लावून माणसं ठेवता येत नाहीत.

मेजवानी झकास झाली. अंगणात मोठी कढई चढली होती, बोर्सोकचे ढीग टेबलक्लॉथवर पडले होते. सायनेपला शेजाऱ्याच्या गाडीतून आणलं होतं. तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळ, गाल, हनुवटी, आणि म्हणाली, "वाळलीस गं. पण आता भरशील." मग तिने सगळ्यांसमोर एशेनकुलला जवळ बोलावून स्वतःच्या हाताने पट्टा त्याच्या कमरेला बांधला. बकल लावताना तिची बोटं चुकली नाहीत. तोलोगोन आबाने हात वर करून दुवा दिली आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. एशेनकुलनेही फिरवले. त्या क्षणी त्याचा स्वतःचाच विश्वास बसला होता, की ती बरी झाली.

कालिपा नवीन रुमाल बांधून आईच्या शेजारी बसली होती. अधूनमधून ती उठून परसात जात होती. आधी काळं गेलं, मग लाल. प्रत्येक वेळी तिने वर चुलीतली राख टाकली आणि येऊन बसली. आई जुनं गाणं म्हणत होती. त्यात मध्येच उठून काय सांगणार? की आई, गाणं थांबव, ही मेंढी फुकट कापली, तो पट्टा सोडून घे? पाहुण्यांना वाढताना तिचे हात कापत होते. बायका म्हणाल्या, अशक्तपणा आहे अजून.

सकाळी पाहुणे पांगल्यावर आणि सायनेपला शेजाऱ्याने घरी पोचवल्यावर कालिपा चहाच्या समोवारपाशी उभी होती, ती भिंतीला घासत खाली बसली. एशेनकुल धावला. तिच्या परकराचा मागचा भाग भिजला होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"कालपासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तू तरी कुठे सांगितलंस?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती.

नरीनला होतं तेवढं रक्त तिला चढवलं आणि रुग्णवाहिकेतून पुढे काढलं. डोलोनच्या घाटात बर्फ पडलं होतं आणि दोन मालट्रक आडवे झाले होते. वाट मोकळी होईपर्यंत रुग्णवाहिका जागच्या जागी घरघरत उभी राहिली. रक्त वरून जात होतं आणि खालून येत होतं. एशेनकुल खाली उतरला, नुसत्या हातांनी चाकांपुढचं बर्फ उकरायला लागला. ड्रायव्हरने त्याला ओढून आत बसवलं. इतके दिवस ज्याची वाट बघायला सांगितलं होतं ते आता येत होतं, आणि टेबल घाटाच्या पलीकडे होतं. याहून क्रूर काही मला सुचत नाही.

कालिपाने डोळे उघडले. "आई छान गायली ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग बरं."

मेदेर इस्पितळाच्या दारातच उभा होता. एक शब्द न बोलता त्याने गाडी सरळ आत नेली. एशेनकुल त्याच बाकावर बसला. या वेळी नर्स अक्षरशः धावत बाहेर आली. "सापडलं, बाइके! रंग सांडताना स्वच्छ दिसला! डॉक्टरांनी तारेची गुंडाळी सोडली, बंद झालं, एक थेंब येत नाही आता!"

त्याचा हात खिशात गेला. फोन हाताला लागला. नाव दाबलं की सायनेपचा आवाज येईल. अंगठा त्या जागी गेला आणि तिथेच थांबला. त्याने फोन परत खिशात सारला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला. आयुष्यात अडवून धरलेली ती त्याची पहिली चांगली बातमी.

भोक बुजलं होतं. पण गेलेलं रक्त फार होतं. आधी लघवी बंद झाली, मग रक्तदाब धरेना. उन्हं खिडकीवरून उतरायच्या आत कालिपा गेली. मेदेर येऊन त्याच्या शेजारी बसला. त्याने फोनमध्ये घेतलेलं पडद्यावरचं चित्र दाखवलं. काळ्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या आणि एका टोकाला शाईचा डाग पसरावा तसं धुरकट काहीतरी. "हे बघा," तो म्हणाला, "एवढंसं."

"इथे राहिलो असतो तर?" एशेनकुलने विचारलं.

मेदेरने फोन खिशात ठेवला. तो खोटं बोलला असता तरी चाललं असतं, पण तो बोलला नाही.

एशेनकुलने तोलोगोन आबाला फोन लावला. पलीकडून "बोल, पोरा" असं आलं. हा गप्पच. आबाही गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "समजलं. घेऊन ये तिला."

कालिपाला घरी आणलं, रिवाजाप्रमाणे तिला ठेवायला अंगणात तंबू उभारला. म्हातारीला अजून कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी आबा आणखी दोन म्हाताऱ्यांना घेऊन नदीपलीकडे निघाला. "तू नको येऊस," तो एशेनकुलला म्हणाला. "हे जावयाचं काम नाही." पण सायनेपचा कुत्रा परक्याला अंगणात पाऊल ठेवू देत नाही. म्हातारी आणि तिच्या लेकीखेरीज तो ओळखतो फक्त एशेनकुलला. म्हणून त्याला सोबत जावंच लागलं, आणि फाटक उघडून पुढे तोच गेला.

कुत्रा भुंकला नाही. सायनेप दारातल्या चटईवर ऊन खात बसली होती. कुत्रा भुंकला नाही म्हणताच तिने मान वर केली आणि तिचा चेहरा उजळला.

"एशेनकुल? आलास? काय बातमी आणलीस रे? थांब, थांब, मागच्या खेपेला पट्टा दिला, आता काय द्यायचं ते मला सुचू दे."

तोलोगोन आबा पुढे झाला. घसा खाकरून त्याने सुरुवात केली, "सायनेप, या जगात कुणीच कायमचं..." आणि अडकला. अख्ख्या गावाची मरणं ज्याने सांगितली त्याला पुढचा शब्द सापडेना. म्हातारी त्याच्या आवाजाच्या दिशेने गोंधळून बघत राहिली. ओठांवरचं हसू अजून तसंच होतं.

एशेनकुल तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्याने कमरेचा पट्टा सोडला, गुंडाळला आणि तिच्या मांडीवरच्या हातांत ठेवला.

तिची बोटं चामड्यावरून फिरली. बकलाशी आली आणि थांबली.

"परत देत नाहीत रे, पोरा," ती म्हणाली. "दिला तो दिला."

त्याने तिची बोटं पट्ट्यावर मिटली. ती वाट बघत राहिली, की तो काहीतरी बोलेल. मग तिने दोन्ही हातांनी तो पट्टा छातीशी ओढून घेतला.